मुकी पाचवी

पाचवीच्या सकाळी यादवने सगळ्यात आधी कुत्रं बांधायला लावलं. बांधल्यावर ते जास्तच भुंकायला लागलं, तेव्हा भटूला ते मळ्यात नेऊन सोडावं लागलं. मग यादवने भिंतीवरच्या टोल्याच्या घड्याळाचा लंबक काढून खिशात टाकला, देवघरातली घंटा फडक्यात गुंडाळली आणि कुकरची शिट्टी उचलली. डाळ उघड्या पातेल्यात शिजू द्या, वहिनी, म्हणाला. चोपड्याच्या रस्त्याने केळीचे ट्रक जात, त्यांच्या भोंग्यांवर मात्र त्याचा इलाज नव्हता. म्हणून मधल्या खोलीची रस्त्याकडची खिडकी त्याने दोन गोधड्या टांगून बुजवली, आणि त्या अंधाऱ्या खोलीत कुंदाला पाच दिवसांच्या पोरासकट निजवलं.

"शाळानी घंटा बी काढी ले, भाऊ," भटू म्हणाला. "मास्तरले सांग, आज पोरेस्ले खुणावरी सोड."

भटूची बायको ताईबाई पदराआड हसली. यादव हसला नाही. तो जळगावहून पहाटेच जीप घेऊन आला होता, आणि आल्यापासून जोडे काढून अनवाणी फिरत होता.

तानुबाई ओट्यावर बसून धाकट्या लेकाचं हे सगळं पाहत होती. घरात बाळंतीण आहे की मयत, असा प्रश्न तिच्या ओठांवर दोनदा आला आणि दोनदा तिने तो गिळला. नातीला मुलगा झाला होता. कुंदा नात असली तरी तानुबाईच्या हातची होती. तिची आई, म्हणजे तानुबाईची लेक लिला, तेवीस वर्षांपूर्वी याच घरात, अशाच पाचवीच्या दिवशी गेली. बापाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि वरणगावच्या फॅक्टरीत लागला तो तिकडचाच झाला. तानुबाईने बोटाने शेळीचं दूध चाटवून ते पाच दिवसांचं लेकरू जगवलं, वाढवलं, नरडाण्याला दिलं. आता पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथेच.

जळगावच्या दवाखान्यातून कुंदाला घरी पाठवताना यादवने गोळ्यांची बाटली आईच्या हातात दिली होती. दिवसाला तीन. एकही चुकवायची नाही.

पहिली गोळी तानुबाईने दिली आणि घटकाभराने कुंदाचं मनगट धरून पाहिलं. नाडी अगदी संथ चालली होती, थकलेला बैल चढावर चालावा तशी. पोर गुंगीत होती, अंग गार होतं. बाळंतिणीच्या अंगात ऊब पाहिजे, दुधात जोर पाहिजे. ही गोळी दोन्ही विझवायला निघालीय असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून तिने गोळीच्या वेळेला डिंकाचा लाडू नेऊन द्यायला सुरुवात केली. कुंदाने विचारलं तर मामानेच बंद करायला सांगितल्यात म्हणायची. सात गोळ्या तिच्या लुगड्याच्या कनवटीला गाठ मारून होत्या. फेकायचा धीर तिला झाला नव्हता.

सकाळी यादवने हृदयाचे ठोके कागदावर उतरवणारी पेटी उघडून कुंदाच्या हातापायाला आणि छातीला तारा लावल्या होत्या. पेटीतून निघालेली कागदाची पट्टी तो बराच वेळ खिडकीशी धरून पाहत राहिला. मग बाहेर येऊन त्याने विचारलं, माय, गोळ्या वेळेवर देतेस ना?

तानुबाई हो म्हणाली.

यादवचं शिक्षण मुंबईत झालं, पुढे दोन वर्षं तो विलायतेत होता. तिथून तो मोठा डॉक्टर होऊन येईल, ऑपरेशनं करील असं गावाला वाटलं होतं. पण तो नुसतं हृदयाचे ठोके बघायला शिकून आला. कोणाचा ठोका चुकतो, कोणाचा घोड्यासारखा पळतो, कोण उभ्या उभ्या कोसळतं, असलेच लोक त्याच्याकडे जळगावला येत. गावात त्याला ठोक्याचा डॉक्टर म्हणत. दवाखान्यातलं एक लोखंडी कपाट त्याने कागदाच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्यांनी भरलं होतं. सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन तो धुळ्याला जायचा, तानुबाईच्या माहेरच्यांना शोधून काढायचा आणि एकेकाला खाटेवर निजवून पट्टी काढायचा. तिच्या भावाची, बहिणीच्या मुलांची, सगळ्यांची काढून झाली होती. भटूची, स्वतःचीही काढली होती. राहिली होती फक्त तानुबाई. तो दरवेळी म्हणायचा आणि ती दरवेळी हात झटकायची. माझी लाकडं मसणात पोचली, माझा कागद काय करतोस, म्हणायची.

खरं कारण वेगळं होतं. लग्नाआधी ती दोनदा बेशुद्ध पडली होती. एकदा शेजारच्या मळ्यात कोणी रानडुकरावर बार काढला तेव्हा, आणि एकदा वीज कडाडली तेव्हा. बापाने तिच्या आईला दम भरला, की पोरीला फेफरं आहे असं गावात फुटलं तर ती जन्मभर चूल फुंकत इथेच बसेल. तेव्हा तेरा वर्षांच्या तानूने ते गिळलं, ते आजपर्यंत. छातीच्या कागदावर असलं काही उमटत असेल तर, ही भीती तिने म्हातारपणापर्यंत जपली.

अकराच्या सुमाराला नरडाण्याची माणसं आली. कुंदाचा नवरा छगन आणि त्याची आई भिकुबाई. भिकुबाईच्या काखेत लाल खणात बांधलेलं काहीतरी गोल होतं. तिने ते ओट्यावर ठेवलं आणि गाठ सोडली. जुन्या काशाची थाळी, हातभर रुंद, आणि तिच्यावर एक लाकडी ठोकणी.

ती थाळी छगनच्या पाचवीला वाजली होती, त्याच्या बापाच्या पाचवीला वाजली होती, असं भिकुबाई पाणी पिता पिता सांगत होती. मुलाच्या कानाशी थाळी वाजली की मूल पुढे जन्मात कशाला दचकत नाही. मुलीला सूप वाजवलं तरी चालतं. पण मुलगा आहे, आणि हे त्यांचं पहिलं नातवंड.

यादवने थाळीकडे पाहिलं, मग भटूकडे. भटूने नजर उंबऱ्यावर नेली. तानुबाईच्या लक्षात आलं की या दोघांमध्ये नरडाण्याला काहीतरी कळवायचं ठरलेलं आहे, आणि भटूने ते कळवलेलं नाही.

"थाळी वाजनार नही, मावशी," यादव म्हणाला. "पूजा करा, सटवाईले नैवेद्य दाखाडा. आवाज नही."

भिकुबाईला आधी ती थट्टा वाटली. मग नाही वाटली. डॉक्टरभाऊ, तुमची विद्या दवाखान्यात, असं ती बरं बोलून म्हणाली. त्यावर यादवने कुंदाला अशक्तपणा आहे, झोप लागली पाहिजे, असं काहीबाही सांगितलं. अशक्तपणा कोणत्या बाळंतिणीला नसतो, असं ताईबाईच बोलून गेली. सकाळपासून दिराच्या बाजूने असलेली ताईबाई कुकरच्या शिट्टीपासूनच कंटाळली होती. भटूने घसा साफ केला आणि म्हणाला, लांबून आलीत माणसं, दोन ठोके वाजवून घेऊ दे, एवढं काय त्यात.

"भटूभाऊ, तुले माहीत शे ना?" यादव हळूच म्हणाला.

भटूने पाहुण्यांचा रिकामा तांब्या उचलला.

"आमना घरमा थाळी वाजाड्याशिवाय पोऱ्या घरना व्हत नही," भिकुबाई म्हणाली. "का तुमले आमना पोऱ्या आमना व्हऊ देना नही?"

आता वाकडं पडणार हे तानुबाईला दिसलं. सासरची माणसं पाचवीला रुसून गेली तर ते कुंदाला जन्मभर पुरलं असतं. तिने उठून थाळी उचलली. वजन ओळखीचं वाटलं. तिच्या स्वतःच्या घरात अशीच एक होती, काठाला पोचा आलेली. कुंदाच्या पाचवीला थाळीवरून असंच अडलं होतं. मुलगी झाली म्हणून बायका सूप घेऊन बसल्या होत्या. तानुबाईने सूप बाजूला सारलं होतं. माझ्या लिलाची पोर आहे, तिला थाळीच वाजेल, पोरगी झाली म्हणून काय कमी आहे का, असं म्हणून तिने भरल्या आवाजात हसत थाळी हातात घेतली होती आणि लिलाच्या उशाशी उभी राहून दोन ठोके दिले होते. दुसऱ्या ठोक्याला लिलाची मान कलली. सटवाईने ओटीतलं लेकरू ठेवलं आणि आईला नेलं, असं बायका म्हणाल्या. तानुबाईनेही तेच म्हटलं. त्यानंतर ती थाळी टाकून द्यायचं तिच्या मनात आलं नाही. लिलाने शेवटचं ऐकलं ते त्या थाळीतून, म्हणून तिने ती जेवायला घेतली. तेवीस वर्षं ती त्याच थाळीत जेवत होती.

"दे आठे, विहीणबाई," ती भिकुबाईला म्हणाली. "मी वाजाडसू. हळूच. पोरगी मनी शे, माले समजस."

ठोकणी घेऊन ती मधल्या खोलीच्या दाराकडे वळली. यादव आडवा आला. त्याने थाळी ओढली नाही. दोन्ही पंजे थाळीच्या पालथ्या अंगावर सपाट टेकवले, जशी आई तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवते, म्हणजे आता कोणी ठोकलं असतं तरी ती वाजली नसती.

"लिलाले सटवाईनी नही मारं, माय," तो म्हणाला. "थाळीना आवाजनी मारं."

रस्त्याने एक ट्रक गेला.

मग यादव बोलायला लागला, तसेच हात थाळीवर ठेवून, खालच्या आवाजात. भटूभाऊ विहिरीवरची मोटर बंद करून लगेच परत चालू करत नाही, कारण तेवढ्यात चालू केली की फ्यूज उडतो. हृदयाचं तसंच असतं. एक ठोका पडला की दुसऱ्याला तयार व्हायला त्याला क्षणभर लागतो. काही घराण्यांत तो क्षण लांबतो. एरवी काही होत नाही, माणूस नांगर धरतो, लग्न करतो. पण नेमका त्या क्षणात दचका बसला की सगळं विस्कटतं. घंटा, फटाका, थाळी. बायकांना बाळंतपणानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. विलायतेत त्याच्या गुरूने एका मुलीची पट्टी दाखवली होती, ती मुलगी शाळेची घंटा झाली की पडायची. ती पट्टी पाहताना यादवला मधली खोली दिसली होती. लिला गेली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि याच दारात उभा होता. त्याने दोन ठोके मोजले होते. म्हणून तो ठोक्याचा डॉक्टर झाला होता. कुंदाच्या पट्टीवर तो लांबलेला क्षण आहे. तो सगळ्यांना दिसेल एवढा आहे.

तानुबाईच्या हातातली ठोकणी केव्हा सुटली ते तिला कळलं नाही. छगनने ती जमिनीला टेकायच्या आत धरली. तो दोन पावलांवर कधीपासून उभा होता, तेही तिला कळलं नव्हतं.

"तुले कव्हयपासून माहीत व्हतं?" तिने विचारलं.

"नऊ वरीस."

"नऊ वरीस तू मना पुढे बसीसन जेवना. अन मी ती थाळीमा."

यादव म्हणाला, कोणत्या तोंडाने सांगणार होतो.

तानुबाईला लेकाचा राग आला नाही. रागासाठी लागतो तेवढा जीव तिच्यात त्या घडीला नव्हता. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती लिलाची नव्हती. तिने कनवटीला हात घातला. गाठ घट्ट बसली होती, शेवटी तिने ती दातांनी सोडली आणि सात पांढऱ्या गोळ्या यादवच्या पुढे धरल्या.

"माले वाटनं, हाई गोळीच तिले मारी राहिनी," ती म्हणाली. "नाडी निजी जाये तिनी."

यादवने गोळ्या मोजल्या. त्याचा चेहरा इतका पांढरा पडला की ताईबाई पाण्याकडे धावली. नाडी निजवायलाच तर त्या दिल्या होत्या, एवढंच तो म्हणाला. मग एक गोळी उचलून तो अनवाणी आत गेला, आणि पाठोपाठ तारांची पेटी घेऊन छगन गेला. दार अर्धं लोटलं गेलं.

बाहेर भिकुबाई थाळीजवळ बसून होती. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तानुबाईला तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

"हाई तुमले लगनना पहिले माहीत व्हतं का?"

कुंदाची पट्टी लग्नाच्या आदल्या वर्षी काढली होती. यादवने कुंदाला आणि भटूला तेव्हाच सांगितलं होतं. आधी पोरगी उजवू, मग बघू, असं भटूनेच ठरवलं होतं. हे आता भटूच्या तोंडून एकेक शब्दाने निघालं, आणि ताईबाई नवऱ्याकडे पाठ करून चुलीकडे गेली. ज्या बापाने तानूचं फेफरं झाकलं, त्याचाच नातू हा, असं तानुबाईला वाटलं. तिचा बाप मरून चाळीस वर्षं झाली होती.

भिकुबाईने थाळी परत खणात बांधायला घेतली. आम्हाला फसवलंत, म्हणाली. माझा एकुलता एक, आणि त्याच्या गळ्यात असं. छगन खोलीतून बाहेर आला तसं तिने त्याला चल म्हटलं, आपण निघू, पोराला घेऊन निघू.

छगन नरडाण्याला कारखान्यात कामाला होता. आईपुढे तो कधी मान वर करून बोलल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. आताही त्याने मान वर केली नाही.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "कुंदानी लगननंतर आठ दिनमा सांगं. मी तुले नही सांगं, माय."

भिकुबाईने खणाची गाठ मारली, सोडली, परत मारली. मग तिने यादवला हाक मारून एकच विचारलं. पोरात आहे का?

यादव दारात आला. अर्ध्या मुलांत उतरतं, अर्ध्यांत नाही, म्हणाला. इतक्या लहान पोराची पट्टी नीट सांगत नाही, महिन्याने परत काढावी लागेल. तोवर त्यालाही घंटा नको, थाळी नको.

"मग महिनाथीन येसू," भिकुबाई म्हणाली. "तव्हय पाहू, नातू कोना शे ते."

तिने पोराचं तोंड पाहिलं नाही. छगन तिला फाट्यापर्यंत पोचवायला गेला आणि परत आला, तेव्हा त्याच्या हातात ती खणात बांधलेली थाळी होती. आईने दिली की त्याने घेतली, हे कोणी विचारलं नाही. ती त्याने धान्याच्या कोठीत ज्वारीत खोल पुरली.

सटवाईची पूजा तशी राहून गेली. पाट्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं, बाजूला तिने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलेलं होतं. तानुबाई त्या कागदासमोर बसली होती. आत कुंदाला गोळी देऊन तास झाला होता. पुढचे दोन दिवस काठावरचे आहेत, असं यादव ताईबाईला सांगत होता. त्यात जर काही झालं, तर इथून जळगावला पोचेपर्यंत काही हातात राहणार नाही. आता नेण्यातही धोका, इथे ठेवण्यातही धोका. आवाज होऊ देऊ नका, एवढंच.

"यादव," तानुबाईने हाक मारली. "मनी पट्टी काढ."

तो पेटी घेऊन पडवीत आला.

तिने लुगडं सैल केलं आणि पडवीतल्या खाटेवर उताणी निजली. त्याने तिच्या मनगटांना, घोट्यांना पट्टे बांधले, छातीला थंड मलम लावून एकेक तार टेकवली. पेटीतली सुई कागदावर सरसर चालायला लागली. एवढा एकच आवाज त्या घरात होता. निजल्या निजल्या तिने त्याला सगळं सांगितलं. रानडुकराचा बार, वीज, बापाचा दम. भटूच्या पाचवीला सासूने थाळी वाजवली तेव्हा ती खाटेवरून खाली पडली होती, आणि बायकांनी तोंडावर पाणी मारल्यावर उठली होती. सासू म्हणाली, सटवाई शिवून गेली, पोरगी नशिबाची आहे. यादवच्या वेळी थाळी वाजली आणि काहीच झालं नाही. म्हणून तिला वाटलं होतं की थाळी शुभ असते.

"हाई मी कोनले पहिलेच सांगतू ते?" तिने विचारलं.

सुई थांबली. यादवने पट्टी फाडली. तो ती दोन बोटांत धरून वाचत होता, आणि वाचून झाल्यावरही तो तिच्याकडे वळला नाही.

"आते बी लपाडू नको," ती म्हणाली.

"तुन्हामाच शे, माय," तो म्हणाला. "तुन्हामाईनच आम्हन्हामा उनं."

तिने मान हलवली. खाटेवरून उठताना त्याने हात दिला, तो तिने घेतला.

दुपार कलल्यावर ताईबाईने पानं मांडली. घरात कोणाला भूक नव्हती, पण बाळंतिणीच्या घरात चूल थंड ठेवत नाहीत. रोजच्या जागी तानुबाईसमोर आज थाळी नव्हती. ताईबाईने मळ्यातून आणलेलं केळीचं पान धुऊन मांडलं होतं, आणि डोळे वर न करता त्यावर भाकरी वाढत होती.

तानुबाईने पान बाजूला सारलं.

"मनी थाळी कोठे शे?"

राहू द्या आज, असं ताईबाई पुटपुटली. तानुबाई स्वतः उठली. फडताळात सगळ्यात मागे, दोन परातींच्या खाली ती ढकलून ठेवलेली होती. तिने आधी वरची परात काढली, ती पोटाशी धरून जमिनीवर ठेवली. मग दुसरी काढली. मग पोचा आलेल्या काठाला पदराचा जाड घोळ गुंडाळून तिने थाळी दोन्ही हातांनी उचलली आणि मधल्या खोलीच्या दारावरून पावलं मोजत परत आली.

जमिनीवर आधी तिने पदर अंथरला, त्यावर थाळी ठेवली. पितळी वाटी बोटाच्या आधाराने हळूहळू खाली टेकवली. आवाज झाला नाही. आतून कुंदा झोपेत काहीतरी बोलली, पोर चुळबुळलं, आणि परत सगळं शांत झालं. तानुबाईने भाकरीचा तुकडा मोडला, तोही पदराच्या आत, आणि जेवायला बसली.